मौनाच्या महिन्यातलं पीक

७ मे

पोचलो, आणि मन प्रसन्न आहे. कुमासीपासून बसमध्ये एका प्रवचनकाराने पाच तास माझ्या आत्म्याची काळजी वाहिली. अक्रा आलं तेव्हा आत्मा शाबूत होता. तळलेल्या केळ्याचे काप मात्र संपले होते, आणि तेही त्यानेच संपवले होते.

खोली छान आहे. समुद्र तीन गल्ल्या पलीकडे. खाली आँटी अजेले यांचं स्पीकर भाड्याने देण्याचं दुकान. एकेक स्पीकर एवढा की आमच्याकडे तेवढ्या जागेत माणसं संसार मांडतात. परसात नाआ कोर्कोर केंके उकडते, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे गोळे, मक्याच्याच सालीत गुंडाळलेले. इथे आजीला नाआ म्हणतात, आणि ही अख्ख्या गल्लीची आजी. त्या पिठाच्या आंबट वासाने मला शाळेच्या वसतिगृहातले ओले मोजे आठवले. चेहऱ्यावर ते दिसलं असावं, कारण तिने मला, कुमासीकडच्या असांते माणसाला, नखशिखान्त न्याहाळून विचारलं, की काय रे असांत्या, तुमचा तो कुटलेल्या कंदाचा गोळा, फुफू, तर न चावता गिळतात, मग देवाने तुम्हाला दात कशाला दिले, हसायला? मी हसून दात दाखवले. तिची एक काळी कोंबडी आहे. ती माझ्या बॅगेवर चढून बसली आणि मालकीण असल्यासारखी मला बघत राहिली.

आता काम. आँटींची आई, आवो शॉर्मे, फेब्रुवारीत वारली. तेव्हापासून ती शवागारात बर्फावर आहे, कारण घरच्यांचं अंत्यविधीच्या दिवसावर एकमत होत नव्हतं. आता झालं आहे: १३ जून. आवो शॉर्मे या किनाऱ्यावरची नामांकित गाणारी. तिने ताकीद देऊन ठेवली होती, की माझ्या अंत्यविधीला माझ्यासाठी दुसऱ्या कुणी गायचं नाही, मीच गाईन. आयुष्यभरात ती एकदाच यंत्रासमोर गायली, गेल्या वर्षी कुठल्याशा बारशात, पाचच मिनिटं. ती पाच मिनिटं दुकानाच्या संगीतसंग्रहात आहेत, आणि संग्रह उघडत नाही. आईला सजवून मांडतील तेव्हा तिचा आवाज लागला पाहिजे, नाहीतर ती जन्मभर माझ्याकडे पाठ करून बसेल, असं आँटी म्हणाल्या. मेलेल्या माणसाच्या बाबतीत जन्मभर म्हणजे कुणाचा जन्म, हे मी विचारलं नाही.

ओळखायची खूण विचारली. त्या म्हणाल्या, आई गाण्याआधी नेहमी खाकरायची. नेहमी. एकदाच, कोरडं; दाराला कडी लावल्यासारखं.

१० मे

संग्रहाची प्रकृती तपासली. रोग जुनाच आहे. वीस वर्षं कॉम्प्युटर शिकवताना शंभरदा पाहिलेला. गाणी सुखरूप आहेत, बिघडली आहे ती त्यांची यादी. आधीचा संग्रहपाल लार्टे हॅम्बुर्गला गेला. जाता जाता पुण्य म्हणून त्याने सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन बसवलं. त्या नव्या व्हर्जनने सगळी यादी आपल्या रीतीने लिहून घेतली. पुढे तो कॉम्प्युटर खाऱ्या हवेने गेला, त्याच्या जागी जुनाट आला, आणि त्यात तेच सॉफ्टवेअर, पण जुन्या व्हर्जनचं. ते म्हणतं, ही यादी माझ्याहून नव्या व्हर्जनने केलेली आहे. एवढं बोलून मान फिरवतं. नवं बसवावं तर हा कॉम्प्युटर त्याला पेलत नाही. नातवाचं पत्र आजोबांना वाचता येत नाही आणि नातू परदेशात, अशी अवस्था.

पण दर वेळी व्हर्जन बदललं की आधीच्या यादीची एक प्रत बाजूला पडते. तो फोल्डर शोधला. सगळ्यांत अलीकडच्या तीन प्रती नाही उघडल्या. चौथी, तीन वर्षांपूर्वीची, उघडली! नऊ हजार गाणी नावागावासकट. आँटींनी टाळ्या वाजवल्या. मी विनयाने मान तुकवली आणि मग वाईट बातमी सांगितली. त्या प्रतीनंतर भर पडलेली चारशे बारा ध्वनिमुद्रणं अनाम आहेत. नुसते आकडे. तारखाही फाइली इकडून तिकडे नेताना सगळ्या एकाच दिवसाच्या होऊन बसल्या. आणि लार्टेला अख्खे समारंभ टिपायची खोड, त्यामुळे एकेक ध्वनिमुद्रण तास-तासभराचं. आवो शॉर्मे त्यांतल्या कुठल्यातरी एकात खाकरून बसली आहे.

ऐकावंच लागणार. आणि उद्यापासून बंदी आहे. पुजारी शेतात पेरणी करतात आणि मग महिनाभर ढोल नाही, स्पीकर नाही, टाळीसुद्धा नाही. बी रुजायला शांतता लागते. बंदी उठणार ११ जूनला. म्हणजे चारशे बारा तासांसाठी माझ्या हाती दोन दिवस.

लार्टेला फोन लावला. मे महिन्यात कोट घालून हिंडतोय म्हणाला. यादीचं सांगितल्यावर दिलगीर झाला, पण बंदीचं निघताच त्याचा आवाज बदलला. अहो मास्तर, म्हणाला, यादी उघडली नाही तरी आभाळ कोसळत नाही, पण त्या महिन्यात काही ऐकू नका; हेडफोन मिठात ठेवलाय तो मिठातच राहू द्या. आँटींचंही तेच. आई तीन महिने बर्फात थांबली मास्तर, म्हणाल्या, आपण एक महिना बाहेर थांबू.

मी हो म्हटलं. पण विचार केला तर बंदी गोंगाटावर आहे. हेडफोनमधला नाद माझ्या कवटीबाहेर पडत नाही. शिवाय मी असांते. हे देव माझ्या परिचयाचे नाहीत.

१२ मे

हेडफोन दुधाच्या पावडरीच्या डब्यात सापडला, खरोखरच जाड्या मिठात पुरलेला. दमटपणावर उपाय म्हणून वाईट नाही. मीठ झटकलं. उजवी बाजू मेलेली आहे, डावी चालते. बरंच झालं, उजवा कान पावलांसाठी मोकळा. डाव्या बाजूचा स्पंज मात्र चिकट आहे, कुणाच्या तरी वर्षानुवर्षांच्या घामाने मळलेला, आणि कानावर दाबला की ओलसर काहीतरी आत सरकल्यासारखं वाटतं. किळस गिळली. फुफूसारखी, न चावता.

पहिल्याच ध्वनिमुद्रणात बायकांच्या टाळ्या, मूल रडतंय, कुणी खोकतंय, आणि तेवढ्यात गल्लीत पुजाऱ्यांची माणसं. मी हेडफोन उशीखाली सारला आणि वर डोकं टेकून झोपेचं सोंग घेतलं. सोंग चांगलं वठलं. तासभर खरंच झोपलो. उठलो तेव्हा सॉफ्टवेअर बंद पडलं होतं. कुठवर ऐकलं कोण जाणे. खोकणारे इथे पैशाला पासरी. पुढच्यापासून सुरुवात केली.

दिवसाला नऊ तास ऐकायचं ठरवलं आहे. दार लावून, पाठ खिडकीला. आँटींना सांगितलंय की फाइली निवडतोय.

१६ मे

संगीत उत्तम आहे हो, हे मान्य केलं पाहिजे. तुताऱ्या, घंटा, बायकांची खट्याळ गाणी. एका लग्नात वराच्या आईवर गायलेलं गाणं ऐकून मी एकटाच हसलो. आवो शॉर्मे अजून नाही.

डावा कान खाजतो. काडीने कोरला तर पिवळट मेण निघालं, मऊ, पिठासारखं. वास घेतला. घ्यायला नको होता. आंबट, उग्र, नाआच्या पिपातला. दिवसभर केंकेच्या धुरात राहतोय, म्हणून असेल. औषधाच्या दुकानातल्या पोराने थेंब दिले आणि उष्णता झालीय म्हणाला. अक्रात कुणाला झालेली नाही?

१९ मे

कानामागे पुळ्या उठल्या आहेत. टणक, एका ओळीत. शेजारी शेजारी, दाटीवाटीने. नवी ओळ मानेवर उतरते आहे. आरशात बघितलं आणि जेवण गेलं नाही. त्वचेखाली काहीतरी नीटनेटकं चाललं आहे. रोग अव्यवस्थित असावा, अशी माझी समजूत होती.

२० मे

पहिली पुळी, पाळीच्या अगदी मागची, पिकल्यासारखी वाटली. दोन नखांत धरून दाबली.

ती वाजली.

क्षीण, पण वाजली. बायकांच्या टाळ्या, दूरवर. मी हात काढला, थांबली. मला वाटलं, दिवसभर तेच कानात घुमतंय म्हणून भास. पुन्हा दाबली ती चिडून, जोरात. तेव्हा त्वचा फाटली आणि ती बाहेर आली. पू नाही, रक्त नाही. मक्याचा दाणा. ओला, फुगलेला, दुधाळ. टोकाला पांढरं मूळ, दोन पेरं लांब. मूळ हलत होतं. हलत होतं असं लिहितोय खरं. बोटं आंबट चिकट झाली. मी तो खिडकीबाहेर भिरकावला आणि तीनदा साबणाने हात धुतले. खाली काळ्या कोंबडीने तो मटकावला. मान ताणून, मोठ्या समाधानाने.

खळगा राहिला आहे कानामागे. त्यात बोट जातं.

२२ मे

वराच्या आईवरचं ते गाणं मन रमवायला पुन्हा लावलं. काही नाही. तासभर निःशब्द. फाइल आहे, लांबी आहे, आवाज नाही. दुसरी लावली; तीही तशीच. जेवढी म्हणून ऐकली तेवढी सगळी रिकामी. न ऐकलेल्यांतली एक पाच सेकंद तपासली: वाजते. मग पुन्हा लावली: ती पाच सेकंद कोरी, पुढचं वाजतं. आणि मानेवर एक नवी टोचणी.

म्हणजे गाणी गेली कुठे ते मला ठाऊक आहे. आरशात मोजली. ऐंशीनंतर मोजणं सोडलं.

हेडफोन मिठात पुरला. आता ११ जूनपर्यंत काही ऐकणार नाही. आवो शॉर्मे न ऐकलेल्यांत असेल. असलीच पाहिजे. आँटींना अजून सांगितलेलं नाही. गळ्याला रुमाल बांधून हिंडतो; नाआ म्हणाली, असांत्याला प्रेम झालेलं दिसतंय, मान लपवतोय.

२४ मे

आज नाआने चक्क सार पाठवलं. कोंबडीचं, पातळ, तिखट, आलं घातलेलं, सोबत फुफूचा गोळासुद्धा, माझ्यासाठी मुद्दाम कुटलेला. कित्येक दिवसांत पहिल्यांदा भूक लागली होती. वाडगं चाटूनपुसून खाल्लं, हाडं फोडून खाल्ली. ती समोर बसून बघत होती. तू नाही घेत का, विचारलं, तर म्हणाली, माझं पोट बरं नाही, तू खा, सगळं खा, उरवू नकोस बाबा. तिने मला बाबा म्हटलं तेव्हाच शंका यायला हवी होती.

वाडगं धुवायला परसात गेलो. पिपामागे काळी पिसं.

घशात दोन बोटं घातली. पिंपभर ओकलो असतो, पण काही येईना. सार आत बसलं. दाणा तिने खाल्ला, तिला मी खाल्लं. तो माझ्याच मानेतला होता. नाआला विचारलं, मारली का? म्हणाली, बंदीत फार आवाज करायला लागली होती. आणि माझ्या डोळ्यांकडे न बघता चुलीत लाकडं सारू लागली.

३० मे

पोट जड. बेंबीभोवती कडक. ढेकर येतो तो आंबवणाचा. मान आता डावीकडे वळत नाही. दाणे खांद्यावरून पाठीत उतरलेत. सदरा घातला की घासून वाजतात. चार गाणी एकदम, बारीक बारीक. लोकांत बसता येत नाही. काल गल्लीत पुजाऱ्यांचा माणूस थांबून इकडेतिकडे बघायला लागला, तेव्हा मी श्वास धरून भिंतीसारखा उभा राहिलो.

एक दाणा सुईने काढायचा प्रयत्न केला. मूळ आत खेचत होतं. मी ओढतो तर ते ओढतं. सोडून दिला.

२ जून

सकाळी उशीवर मुळं. पांढरी, केसांसारखी, ओली. माझ्या मानेपासून कापसात शिरलेली. उठताना तुटली आणि दुखलं. उशीला नव्हे, मला.

५ जून

आँटींना सांगितलं. सगळं. मीठ, हेडफोन, रिकाम्या फाइली. रुमाल सोडला. वाटलं होतं ओरडतील, पण बंदी आहे. त्या हळू आवाजात म्हणाल्या, मास्तर, तुम्हाला थांबा म्हटलं होतं ना हो. बस, एवढंच. मग मला स्टुलावर बसवलं, माझं डोकं पुढे वाकवलं आणि एकेक दाणा दाबायला लागल्या. अंगठ्याने, हलकेच. दाबायच्या, कान लावायच्या. ही नव्हे. पुढचा. ही नव्हे. दुपार गेली. त्यांची नखं माझ्या मानेतल्या पाण्याने चिकट झाली होती, तरी त्यांना काही वाटत नव्हतं. वाटत होतं ते मला.

एक दाणा सैल होता. तो त्यांनी काढला, अंगावरच्या कापडाला पुसला आणि तोंडात टाकला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा त्या डोलत होत्या. म्हणाल्या, असा जास्त नीट ऐकू येतो. पण ही नव्हे.

मग रडल्या. न ऐकलेल्यांत असेल मास्तर, म्हणाल्या. अकराला बंदी उठली की दोन दिवस सगळे मिळून ऐकू. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. हाताला वास येत होता, माझा.

८ जून

कानामागच्या त्या पहिल्या खळग्यात बोट घालून बसतो. सवय लागलीय. तिथे काही उगवत नाही. तेवढा एकच रिकामा.

बायकांच्या टाळ्या होत्या त्यात. मूल रडत होतं. बारसं— नाही. आत्ता नको.

बेंबीतून हिरवं टोक आलंय. कात्रीने कापलं. दुपारपर्यंत पुन्हा तेवढंच.

११ जून

बंदी उठली. ढोल सुरू झाले. पहिल्या थापेबरोबर माझ्या पाठीतले सगळे दाणे एकदम पक्के झाले. फुगलेले होते ते आवळले, पिवळे, चकचकीत. जमिनीवर टपटपायला लागले. जो पडेल तो गातोय. मी खोलीत, गुडघ्यांवर, झाडूने भरतोय. गोळा करतोय. ओकारी येतेय आणि—

ढोल थांबला तेवढ्यात खाकरलं.

मी नाही. माझ्या पोटात. एकदाच. कोरडं.

नाआ दारात उभी होती, केंकेचं टोपलं घेऊन. टोपलं पडलं. आँटीही धावत वर आल्या; ती त्यांच्या पायांशी बसली. सांगत होती, कोंबडी खाकरली होती गं. खाकरली आणि तुझ्या आईच्या आवाजात गायला लागली. चाळीस वर्षं शेजारी राहिले, मला कळणार नाही? मला वाटलं मलाच न्यायला आली. मान पिरगाळली मी. सार केलं. पण मला गिळवेना गं. म्हणून परक्याला दिलं.

आँटी माझ्याकडे बघत होत्या. चेहऱ्याकडे नाही.

१२ जून

चारशे बारातलं न ऐकलेलं कुणी लावत नाही. लावा म्हटलं. कशाला, आँटी म्हणाल्या. सापडलीय.

दार बाहेरून बंद आहे. नम्रपणे बंद केलंय. केंके दिलं, मासा दिला, पाणी दिलं. मास्तर, खा हो, तब्येत सांभाळा, उद्यापर्यंत. खाल्लं नाही. दाबून बघितलं, बेंबीशेजारी. टाळ्या. मूल. मी हात काढला. थांबलं नाही.

ओकवत नाही. मुळं धरून आहेत. घशात बोट घातलं तर बोटाला लागतात.

१३ जून

तिला आणलंय. खाली मांडलीय, सोनेरी लेसमध्ये. उघड्या खिडकीतून वास. बर्फाचा, औषधाचा, खालून दुसरा. लोक जमलेत. स्पीकर लावलेत, सगळे. वायर जिन्याने वर येतेय. माझ्या खोलीत.

आँटी आल्यात. पांढरं-काळं नेसून. नाआ मागे, मिठाचा डबा घेऊन. आणि मासे चिरायची सुरी. पायरीवर घासून आणलीय.

पाचच मिनिटं मास्तर, म्हणतात. आईला एवढंच हवंय. मला एवढंच—

माझ्या पोटाला कान लावून बसल्यात. गाल गरम आहे. रडतायत, पण आनंदाने. नाआ सदरा वर करतेय. हात केंकेचे, आंबट, चिकट. लिहा म्हणतात. लिहा मास्तर, लक्ष तिकडे राहील. मीठ टाकलं, गार

माईक जवळ. नाआ विचारतेय कुठून. आँटी म्हणतात थांब गं, घाई नको. आधी खाकरू दे. ती नेहमी आधी खाक—